माऊस गेला म्हणून खेळ गेला काय? : रूपांतर आणि निष्ठेचा निकष

'एज ऑफ एम्पायर्स २' हा संगणकावरील खेळ १९९९ साली आला. त्याची नव्याने सजवलेली आवृत्ती २०१९मध्ये निघाली, आणि जानेवारी २०२३मध्ये ती एक्सबॉक्स या घरगुती कन्सोलवर दाखल झाली. पुढे २०२५ साली ती प्लेस्टेशन ५वरही गेली. टेबलावरचा माऊस आणि कीबोर्ड सोडून हा खेळ दिवाणखान्यात आला, दूरवरच्या टीव्हीच्या पडद्यावर आणि दोन्ही हातांत धरायच्या कंट्रोलरवर. अशा प्रत्येक स्थलांतराच्या वेळी जुन्या जाणत्या खेळाडूंकडून एक ठरावीक निवाडा ऐकू येतो : माऊस गेला, म्हणजे खेळ गेला, आता जे उरले ते सोपे, पातळ आणि भ्रष्ट आहे.

साहित्याच्या अभ्यासकांना हा सूर अपरिचित वाटू नये. कादंबरीवरून चित्रपट निघाला, परभाषेतील नाटक मराठीत आले किंवा महाकाव्याची गद्य आवृत्ती झाली की आपल्या वर्गांतून आणि परीक्षणांतून नेमका हाच सूर लागतो. डाव्या रकान्यात मूळ कृती, उजव्या रकान्यात रूपांतर, आणि मध्ये काय काय गळाले याची यादी. यादी लांबली की रूपांतर फसले, आखूड राहिली की साधले. या हिशेबाला आपण 'निष्ठा' असे भारदस्त नाव दिले आहे. प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच की हा हिशेब मुळातच चुकीच्या वहीत मांडला जातो. आणि ते दाखवून देण्यासाठी डावपेचांच्या या खेळांइतके स्वच्छ उदाहरण साहित्यातही सहज सापडणार नाही. खेळांकडे वाङ्मयीन दृष्टीने पाहणे कमीपणाचे वाटणाऱ्यांनी येथेच थांबावे. वाद खेळांच्या प्रतिष्ठेचा नाही, निकषाचा आहे.

प्रथम हा प्रकार काय आहे ते पाहू. इंग्रजीत त्याला रिअल-टाइम स्ट्रॅटेजी म्हणतात. बुद्धिबळात एकाची खेळी संपल्यावर दुसऱ्याची येते. येथे पाळी नावाची गोष्टच नाही. घड्याळ सर्वांसाठी एकदमच चालते. खेळाडू वरून भूप्रदेश पाहतो, माणसांना लाकूड तोडायला, धान्य पिकवायला, सोने खणायला धाडतो, त्यातून इमारती व सैन्य उभे करतो आणि प्रतिस्पर्ध्याचा पाडाव करतो. आपल्या माणसांची नजर जिथवर पोहोचत नाही तिथवर नकाशा झाकलेला असतो. शेत पिकवायचे, सीमेवर लक्ष ठेवायचे, चढाईही करायची आणि हे सर्व एकाच वेळी. म्हणून या खेळांतील सर्वांत दुर्मीळ द्रव्य सोने किंवा लाकूड नसून खेळाडूचे अवधान आहे. ते कुठे खर्च करायचे हाच खरा डाव असतो.

या अवधानाचे वाहन म्हणजे माऊस. पडद्यावरच्या ज्या बिंदूवर नजर गेली त्या बिंदूवर हात क्षणार्धात पोहोचतो. चौकट ओढली की वीस-पंचवीस सैनिक एकदम निवडले जातात. डावा हात त्याच वेळी कीबोर्डवरून आज्ञा देत असतो. कंट्रोलरच्या दांडीचा स्वभाव याहून निराळा आहे. माऊस हलवला तेवढाच बाण हलतो, हात थांबला की थांबतो. दांडीने मात्र दिशा आणि वेग सांगायचा असतो. इष्ट जागा येईपर्यंत वाट पाहायची आणि नेमक्या क्षणी सोडायची. पळणाऱ्या घोड्याचा नायक हाकायला ही दांडी उत्तम, गर्दीतल्या एका गावकऱ्यावर बोट ठेवायला अत्यंत अडाणी. शिवाय टीव्हीसमोरचा माणूस दूर बसलेला. संगणकावर सहज वाचता येणारी बारीक अक्षरे व चिन्हे त्याला दिसत नाहीत. तेव्हा अडचण खरी आहे, आणि ती नाकारण्यात हशील नाही. प्रश्न या अडचणीतून काय निष्कर्ष काढायचा हा आहे.

निष्ठावाद्यांचा पहिला आधार 'मूळ' या शब्दात असतो. हा प्रकार संगणकाचा, माऊसमधून जन्मलेला, म्हणून कन्सोल त्याला परका, असे गृहीत धरले जाते. इतिहास काय सांगतो? या प्रकाराला आजचे रूप दिले ते वेस्टवुड स्टुडिओजच्या १९९२ सालच्या 'ड्यून २' या खेळाने. त्याच्या निर्मात्यांनी ज्या प्रेरणांचा उल्लेख केला आहे त्यांत माऊसने चालणाऱ्या संगणकीय पडद्याइतकेच महत्त्वाचे स्थान आहे 'हर्झोग त्स्वाय' या १९८९ सालच्या खेळाला. आणि तो खेळ होता टेक्नोसॉफ्ट या जपानी कंपनीचा, सेगाच्या मेगा ड्राइव्ह या घरगुती कन्सोलवरचा! ज्या घराण्याच्या शुद्धतेसाठी एवढा आटापिटा चालतो त्या घराण्याच्या पूर्वजांतच कन्सोल बसलेला आहे.

'ड्यून २'ची वंशावळ आणखी मागे नेली तर 'मूळ' या शब्दाखालची जमीन अधिकच सरकते. फ्रँक हर्बर्टची 'ड्यून' ही कादंबरी १९६५ची, डेव्हिड लिंचचा चित्रपट १९८४चा, आणि मग खेळ. कादंबरीत विचार करणाऱ्या यंत्रांवर धार्मिक बंदी आहे; त्यांची जागा गणिती माणसांनी घेतली आहे. तीच कादंबरी आता यंत्रासमोर बसून खेळायची! खेळात तीन घराणी लढतात : अॅट्रायडीज, हार्कोनन आणि ऑर्डोस. यांपैकी ऑर्डोस हे घराणे हर्बर्टच्या कादंबऱ्यांत नाहीच. ते १९८४ साली निघालेल्या 'ड्यून एन्सायक्लोपीडिया' या दुसऱ्यांनी रचलेल्या कोशातून उचललेले आहे. रकान्यांच्या हिशेबाने पाहिले तर 'ड्यून २' हे घोर अपराधी रूपांतर ठरावे. तरीही कादंबरीचा एक गाभा त्याने अचूक पकडला : एका ओसाड ग्रहावर एकच मौल्यवान पदार्थ आहे, तो गोळा करायला बाहेर पडावेच लागते, आणि बाहेर पडले की वाळूखालचा महाकाय कृमी गिळून टाकू शकतो. लोभ आणि भय यांचे हे नाते कादंबरीत शेकडो पृष्ठांतून उलगडते. खेळात ते पदार्थ वेचायला निघालेल्या एका यंत्रगाडीच्या प्रत्येक फेरीत अनुभवाला येते. पात्रे गेली, संवाद गेले, तत्त्वचर्चा गेली. पण लेखकाने ज्या पेचावर कादंबरी उभी केली तो पेच माध्यम ओलांडून आला.

आता याच 'ड्यून २'चे पुढचे स्थलांतर पाहू, कारण आपल्या विषयाचा कणा तेथे आहे. संगणकावर एका वेळी एकच वाहन निवडता येत असे. पडद्याच्या उजव्या कडेला आज्ञांचा एक पट्टा होता, त्यावरची आज्ञा टिचकीने घ्यायची आणि मग नकाशावर लक्ष्य दाखवायचे. हा खेळ मेगा ड्राइव्हवर आणायचा तर हाताशी दिशा दाखवणारी एक चकती आणि जेमतेम तीन कामाची बटणे. निष्ठेचा मार्ग सरळ होता : तो पट्टा जसाच्या तसा ठेवायचा आणि खेळाडूला चकतीने बाण ढकलत ढकलत त्यापर्यंत जायला लावायचे. रूपांतरकारांनी ते केले नाही. त्यांनी पट्टाच काढून टाकला. बाण कशावर आहे यावरून बटणाचा अर्थ ठरेल अशी योजना केली : रिकामी जमीन असेल तर तिकडे जा, शत्रू असेल तर हल्ला कर. खेळ साठवून ठेवण्याऐवजी संकेतशब्द आले, वाहने-इमारतींचे रूप बदलले, नवख्यासाठी शिकवणीचा भाग जोडला गेला. यंत्राच्या बाजूने खेळणारा प्रतिस्पर्धी काहीसा मंदबुद्धी झाला, हा तोटाही मान्य केला पाहिजे.

आणि यातली मौजेची गोष्ट अशी की कन्सोलसाठी केलेल्या बदलांपैकी काही वेस्टवुडने पुढे आपल्या 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतील संगणकावरच्या खेळांतही स्वीकारले. म्हणजे रूपांतराने मूळ परंपरेला शिकवले! दुसऱ्या माध्यमाच्या अडचणीत सापडल्यावर लक्षात आले की आज्ञांची ती दुहेरी पायरी खेळाचा गाभा नव्हतीच. ती केवळ पहिल्या लेखणीची सवय होती. चांगला अनुवाद मूळ वाक्यातली सैलता उघडी पाडतो, हे अनुवाद करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवलेले असते. येथे त्याचा वस्तुपाठच आहे.

याच्या समोर ठेवू 'स्टारक्राफ्ट ६४'. ब्लिझार्डचा 'स्टारक्राफ्ट' १९९८चा. निन्टेंडो ६४वर तो २००० साली आला. रकान्यांच्या हिशेबाने हे रूपांतर आदर्श म्हणावे असे आहे. मूळ खेळाच्या साऱ्या मोहिमा त्यात आहेत, 'ब्रूड वॉर' या पुरवणीच्याही आहेत, वर एक नवी गुप्त मोहीमही आहे. परंतु मोहिमेपूर्वी पात्रांचे जे संवाद ऐकू येत ते मुके झाले, चित्रफिती आखूड झाल्या, आणि महाजालावरून दूरच्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्याची सोय राहिली नाही. मोहिमांचा आकडा शाबूत राहिला. आवाज आणि प्रतिस्पर्धी गेले. 'स्टारक्राफ्ट'ची कथा वचनभंगाची आणि विश्वासघाताची आहे, ती माणसांच्या स्वरांतूनच उभी राहत होती. यंत्राची मर्यादा होती हे खरे. कार्ट्रिजमध्ये जागा ती किती असणार! पण जागा अपुरी असते तेव्हाच रूपांतरकाराचा विवेक कळतो. सर्व मोहिमा ठेवून सर्वांचा आवाज घालवायचा, की मोहिमा कमी करून उरलेल्यांना बोलू द्यायचे? येथे संख्येला मान मिळाला. त्यातली खरी नवी कल्पना एकच : पडदा दुभागून दोघांनी मिळून एकच सैन्य चालवायचे. एकाने शेतीभाती पाहावी, दुसऱ्याने लढावे. अवधानाची टंचाई हा जो या प्रकाराचा गाभा, त्याला दिवाणखान्यातल्या शेजारी बसण्याने दिलेले ते उत्तर होते. ते मूळ कृतीत नव्हते, आणि तरीही या खेळाच्या स्वभावाशी तेच सर्वाधिक इमान राखणारे होते.

मराठी वाचकाला याची खूण पटायला दूर जावे लागणार नाही. बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन'चा आधार घेऊन पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे नाटक केले; ते १९७५ साली रंगभूमीवर आले. शॉच्या नाटकात लंडनच्या रस्त्यावरची बोली आणि उच्चभ्रूंची इंग्रजी यांतली दरी हेच नाट्य आहे. ते उच्चार मराठीत 'आणणे' अशक्यच. आणायची होती ती दरी, आणि ती मराठीच्या स्वतःच्या बोलींत व प्रतिष्ठित भाषेत आधीच पडलेली होती. शॉचे शब्द मोजत बसणाऱ्याला 'ती फुलराणी'त हरवलेल्या गोष्टींची लांबलचक यादी करता येईल. ती यादी अचूक असेल आणि निरुपयोगी असेल.

निष्ठावाद्यांचा एक युक्तिवाद मात्र असा आहे की तो हसून उडवता येणार नाही. ते म्हणतात, या खेळांत हाताची गती हाच आशय आहे. दक्षिण कोरियात 'स्टारक्राफ्ट'चे सामने दूरचित्रवाणीवरून दाखवले गेले, व्यावसायिक संघ उभे राहिले, खेळाडू मिनिटाला किती क्रिया करतो याची मोजदाद होऊ लागली. तेथे हात आणि बुद्धी वेगळी काढता येत नाहीत. सतारियाची बोटे आणि त्याचा राग वेगळा काढता येत नाही तसेच. कंट्रोलर ही गती हिरावतो, म्हणून तो आशयच हिरावतो.

या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु तो एका विशिष्ट सादरीकरणाबद्दल खरा आहे, कृतीबद्दल नाही. सतारीवर वाजवलेला यमन आणि गळ्यातून आलेला यमन यांत मिंड वेगळी, झाला तर गळ्याला नाहीच. म्हणून गायकाचा यमन हा यमन नव्हे असे कोणी म्हणत नाही. गायकाने सतारीच्या झाल्याची नक्कल केली तर मात्र हसू येईल. कन्सोलवरच्या रूपांतराने माऊसच्या गतीची नक्कल करू पाहणे हे तसलेच हसू आहे. मिनिटाला शेकडो क्रिया करणारे थोडे; लाखो लोकांनी हे खेळ संथ हातांनी, घरच्या संगणकावर, चुका करत खेळले आणि त्यांनाही डावपेचांचा आनंद मिळाला. तो खोटा होता काय? हाताच्या चपळाईला प्रवेशाची अट करणे हा एक नवा अधिकारभेद आहे. ज्याची बोटे मंद, वयाने वा व्याधीने आखडलेली, त्याने या कृतीच्या दारातच थांबावे, असे त्या अटीचे तात्पर्य निघते. साहित्याच्या शिक्षकांनी तरी ती अट निमूटपणे मान्य करू नये.

मग कन्सोलवर जे जे येते ते सारे स्वागतार्ह का? मुळीच नाही. निष्ठेचा निकष सोडायचा तर त्याच्या जागी दुसरा, अधिक कडक निकष द्यावा लागेल. माझ्या मते तो असा : रूपांतराने श्रम खुशाल काढून घ्यावेत, निर्णय काढून घेऊ नयेत. एन्सेम्बल स्टुडिओजचा २००९चा 'हेलो वॉर्स' पाहा. 'एज ऑफ एम्पायर्स' घडवणाऱ्याच मंडळींनी तो कन्सोलसाठी मुळापासून रचला. पडद्यावर दिसणारे सगळे सैनिक एका बटणाने निवडता येतात, हा श्रमांचा परिहार झाला. पण तळ उभारायचा तो आधीच आखून दिलेल्या जागांवरच. गाव कुठे वसवावे, भिंत कुठून घालावी, शत्रूच्या वाटेवर बुरूज कुठे रोवावा, हा भूगोलाशी चालणारा संवाद त्यात फारसा उरला नाही. खेळ सुबक झाला, हाताला सोपा झाला आणि विचाराला थोडा अरुंद झाला. येथे टीका झालीच पाहिजे. परंतु ती 'माऊस नाही' म्हणून नव्हे. एक निर्णय खेळाडूच्या हातून गेला म्हणून.

याच निकषावर २०२३चा 'एज ऑफ एम्पायर्स २' तपासू. त्यातली मुख्य नवी योजना गावकऱ्यांविषयी आहे. संगणकावर प्रत्येक गावकऱ्याला बोट धरून कामाला लावावे लागे. कन्सोलच्या आवृत्तीत कोणत्या साधनावर भर द्यायचा ते खेळाडूने सांगायचे. गावकरी आपापली कामे वाटून घेतात. 'खेळ स्वतःच स्वतःला खेळतो' असा त्यावर आक्षेप आहे. तो अर्धवट आहे. धान्य की लाकूड, आता की नंतर, सैन्य की पुढच्या युगाची उडी, टेहळणीला घोडेस्वार कुठे धाडायचा, हे सारे निर्णय खेळाडूकडेच आहेत. गेले ते बहुतांशी श्रम.

पण 'बहुतांशी' हा शब्द मी जाणूनबुजून वापरला आहे. या खेळात काम संपल्यावर रिकामा उभा राहिलेला गावकरी ही एक अर्थपूर्ण प्रतिमा होती. लढाईच्या धुंदीत राजा घर विसरला, हे सांगणारा तो मूक साक्षीदार होता. झाड संपले, माणूस कुऱ्हाड घेऊन उभा, आणि राजाला पत्ता नाही! गावकरी आपोआप कामाला लागू लागला की हे विस्मरण आणि त्याची शिक्षा दोन्ही पुसट होतात. अवधान हेच जर दुर्मीळ द्रव्य, तर ते खर्च न करताही शेत पिकते हा काही किरकोळ बदल नाही. माझा आक्षेप आहे तो एवढ्याच ठिकाणी. मात्र ही योजना बंद करता येते, आणि एक्सबॉक्सला माऊस-कीबोर्ड जोडूनही हा खेळ खेळता येतो. वाट बंद केलेली नाही, दुसरी काढून दिली आहे. सगळे जमेस धरता हे रूपांतर माझ्या लेखी साधलेले आहे, त्यातल्या या वैगुण्यासकट.

निष्ठावाद्यांच्या हिशेबात ही तक्रार कुठे नोंदवणार? त्यांच्या यादीत 'माऊस गेला' ही नोंद सर्वांत वर असेल. रिकाम्या गावकऱ्याची नोंद बहुधा नसेलच, कारण पडद्यावर गावकरी आहे, झाड आहे, कुऱ्हाड आहे. काहीच गळालेले नाही. गळाला तो अर्थ, आणि तो याद्यांत सापडत नाही. निष्ठेच्या निकषाचा खरा दोष हाच : तो अनुदार आहे ही तक्रार दुय्यम आहे, तो आंधळा आहे ही मुख्य.

यंत्रावर जगणाऱ्या कृतींना आणखी एक शाप असतो. पुस्तक शंभर वर्षांनी उघडले तरी उघडते. खेळाचे यंत्र मोडीत निघाले की त्याबरोबर खेळही जातो, जोवर कोणी तो दुसऱ्या यंत्रासाठी पुन्हा घडवत नाही. येथे रूपांतर ही चैन नाही, जगण्याची अट आहे. १९९९चा खेळ आज नव्या पिढीच्या हाती आहे तो वेळोवेळी त्याला पुन्हा घडवणारे हात मिळाले म्हणून. आपल्या अभिजात ग्रंथांचेही, कालमान अधिक लांब असले तरी, याहून फार निराळे काही घडलेले नाही.

तेव्हा साहित्याच्या प्राध्यापकांना एक विनंती. 'मूळ कृती व रूपांतर यांतील साम्यभेद स्पष्ट करा' हा प्रश्न प्रश्नपत्रिकेतून एकदाचा काढून टाका. त्याऐवजी विचारा : या कृतीचा पेच कोणता? नव्या माध्यमाने तो पेलला का? वाचकाचा, प्रेक्षकाचा, खेळाडूचा कोणता निर्णय त्याने हिरावला आणि कोणते ओझे हलके केले? याद्या पाठ करून या प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत. त्यासाठी दोन्ही कृती वाचाव्या लागतात, आणि कधी कधी खेळाव्याही लागतात.